मुकोमामा आणि सहा आवाज

गेले तीन-चार वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण घरातलंच होतं, आणि त्या कारणातूनच हा लेख निघाला आहे. थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा.

माझं आजोळ तोंडवलीचं. मालवणच्या उत्तरेला, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, सुरूची झाडं आणि माडांच्या सावलीतली घरं. आजोळी मला दोन मामा. थोरल्याला सगळा गाव 'मुको' म्हणायचा. आम्ही भाचरं त्याला 'मुकोमामा' म्हणायचो, अगदी प्रेमाने, आणि त्यात काही वावगं आहे हे कधी डोक्यातही आलं नाही. त्याला नाव आहे हे मला दहाव्या वर्षी कळलं, तेही रेशनकार्डावर वाचून. हे लिहिताना आज लाज वाटते. असो.

मुकोमामाचा जन्म १९६२ चा. दोन वर्षांचा असताना मोठा ताप आला आणि त्यानंतर त्याला ऐकू येईनासं झालं, असं आजी सांगायची. ऐकू येईना म्हणून बोलणं आलं नाही. आजीने जमेल ते केलं: वेखंड उगाळून जिभेला लावलं, देवाला गाऱ्हाणं घातलं. ('बा देवा म्हाराजा, झिलाची वाचा फुटांदे' आणि मागून सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा'.) झिलाची वाचा फुटली नाही. तो रापणीवर जायला लागला आणि तिथेच मोठा झाला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाचा, म्हणजे धाकट्या मामाच्या मुलाचा मुलगा अडीच वर्षांचा झाला. घरात त्याला बाबलो म्हणतात. बाबलो बोलत नव्हता. एका दवाखान्यात सांगितलं, मुलगे उशिराच बोलतात, वाट बघा. घरच्यांनाही ते पटलं, कारण ढोल वाजला की बाबलो वळून बघायचा, बोटीचं इंजिन सुरू झालं की धावत जायचा. म्हणजे ऐकू तर येतंय! मग आजूबाजूचे कुजबुजायला लागले: सारखा मुक्याच्या मांडीवर असतो, त्याच्यासारख्या खुणा करतो, म्हणून बोलत नाही. एक दिवस वहिनीचा मला फोन आला. "भावजी, ह्येका थोरल्या आजोपासून लांब ठेवूक होया काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बग शोधणारा माणूस. कानाबद्दल मला फक्त हेडफोनपुरतं कळतं.

पुढे गोव्यात तपासणी झाली. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, कानात आवाज सोडून मेंदूपर्यंतचा सिग्नल मोजतात, त्याला बेरा म्हणतात. मुलाने सहकार्य करायची गरज नाही, नुसतं झोपायचं. निष्कर्ष: दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र श्रवणदोष. खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी पोचतात, वरच्या पट्टीतले जवळजवळ नाहीत. ढोल आणि इंजिन ऐकू येत होतं ते यामुळे. 'स', 'श' त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. त्याच्यासाठी आईचं प्रत्येक वाक्य म्हणजे अर्ध्याहून जास्त अक्षरं पुसलेलं पत्र होतं. कारण काय, हे निश्चित सांगता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मामाच्या तापाशी याचा संबंध नाही आणि मामाच्या खुणांशी तर नाहीच नाही.

कानामागे बसणारी दोन यंत्रं आली आणि वहिनी बाबलोला घेऊन तीन महिने पुण्यात माझ्याकडे राहायला आली, स्पीच थेरपीसाठी. दर शनिवारी मीही सोबत जायचो. आणि सवयीप्रमाणे घरी येऊन वाचत बसायचो, की हा धंदा सुरू कुठून झाला? कारण डोक्यात एकच प्रश्न होता. जे बाबलोला मिळतंय ते मुकोमामाला का मिळालं नाही?

पहिलं आश्चर्य म्हणजे या विषयाचा अर्धा पाया आपल्याच बालवाडीच्या भिंतीवर टांगलेला आहे. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्धेशी, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांशी. तक्ता वाचत जा, जीभ घशाकडून ओठांकडे सरकत येते. प्रत्येक ओळीत आधी अघोष, मग घोष, शेवटी नाकातून येणारा. आपण ज्याला पाठांतर समजतो तो तोंडाचा नकाशा आहे. शिक्षा आणि प्रातिशाख्य ग्रंथांच्या लेखकांनी वेद शुद्ध म्हणता यावेत म्हणून तो काढला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भाषा-अभ्यासकांच्या हाती हे ग्रंथ पडले आणि तिथल्या ध्वनिशास्त्राला त्याने चांगलाच धक्का दिला. पण आपल्याकडे या नकाशाचा वापर उच्चार बिघडू नयेत म्हणून झाला. ज्याला ऐकूच येत नाही त्याला रस्ता दाखवायला तो फारसा कोणी वापरला नाही.

ते काम दुसरीकडे झालं. १८६७ साली अलेक्झांडर मेलव्हिल बेल या गृहस्थांनी 'व्हिजिबल स्पीच' नावाची चिन्हलिपी प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक चिन्ह जीभ-ओठ कसे ठेवायचे ते सांगतं. त्यांचा मुलगा अलेक्झांडर ग्रॅहम बेल १८७१ मध्ये ही लिपी घेऊन बॉस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवायला गेला. होय, तोच, टेलिफोनवाला. त्याची आई आणि पुढे बायको, दोघींनाही ऐकू येत नसे. टेलिफोन आला १८७६ मध्ये. त्याची ओळख मात्र तो स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक अशी करून द्यायचा.

आता इथे गोष्ट वाकडं वळण घेते. १८८० साली मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ठराव झाला की शाळांत बोलणं शिकवावं, हातांची भाषा नको. ज्यांच्याबद्दल ठरत होतं ते कर्णबधिर लोक मतदानाला जवळजवळ नव्हतेच. बेलसाहेबही याच मताचे. समजूत अशी, की मुलाला खुणा करू दिल्या तर ते आळशी होतं आणि बोलत नाही. त्यानंतर कित्येक दशकं जगभर शाळांत मुलांचे हात बांधले गेले, कधी शब्दशः सुद्धा. या ठरावाबद्दल त्याच परिषदेने अधिकृत खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकूवरला. एकशे तीस वर्षांनी!

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा बसून राहिलो. आमच्या तोंडवलीत मिलानचं नाव कोणी ऐकलेलं नाही. पण वहिनीच्या फोनमधला प्रश्न तोच होता. 'आजोपासून लांब ठेवूक होया काय?'

भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत, १८८५ सालची. बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली. कलकत्त्याला दुसरी निघाली १८९३ मध्ये. शाळा होत्या, पण 'स्पीच थेरपिस्ट' नावाचा वेगळा व्यवसाय अजून कुठेच नव्हता. तो आकाराला आला पहिल्या महायुद्धानंतर, जखमी होऊन, वाचा गमावून परतलेल्या सैनिकांमुळे. 'द किंग्ज स्पीच' सिनेमा पाहिला असेल तर त्यातला लायनेल लोग आठवा. ऑस्ट्रेलियातला हा माणूस डॉक्टर नव्हता. आधी सैनिकांवर काम करून शिकला आणि १९२६ पासून पुढे सहावा जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या तोतरेपणावर काम करू लागला. अमेरिकेत या लोकांची संघटना १९२५ मध्ये झाली, ब्रिटनमध्ये १९४५ मध्ये.

आपल्याकडे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या नायर रुग्णालयात याचं प्रशिक्षण सुरू झालं. देशातल्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांपैकी तो एक. १९६५ मध्ये म्हैसूरची मोठी संस्था आली, आज आपण जिला अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था म्हणतो. आता तारखा जुळवून पाहा. मुकोमामा १९६२ चा. ताप १९६४ चा. म्हणजे ज्या वर्षांत तोंडवलीत आजी वेखंड उगाळत होती, त्याच वर्षांत नायरमध्ये पहिली पिढी शिकत होती. मालवणाहून आगबोटीने मुंबईला जाता येत होतं. आमच्याच गावचे कितीतरी लोक गिरण्यांत कामाला होते. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण खरं अंतर किलोमीटरचं नव्हतंच. असं काही असतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्याच वर्षी सवलतीत साधनं देणारी केंद्र सरकारची योजना आली. (आणि त्याच १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला.) मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली, महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांच्या नावाची. मामा एकवीस. १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाले आणि नोंदणीशिवाय या क्षेत्रात काम करण्यावर बंधन आलं. मामा तीस. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी-शाळांत जाऊन मुलं तपासायची, दोष सापडला तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, आणि त्या केंद्राच्या आराखड्यात स्पीच थेरपिस्टची जागा आहे. मामा एकावन्न. प्रत्येक गोष्ट आली, पण त्याच्या वयाच्या मागून आली.

वयाचं इतकं का लावून धरलंय? कारण मेंदू थांबत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष सापडून मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. आता जगभर १-३-६ असा नियम सांगतात: पहिल्या महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपाय सुरू. बाबलो सापडला तिसाव्या महिन्यात.

आता शनिवारच्या खोलीत काय चालायचं ते सांगतो. माझी कल्पना होती की आरशासमोर बसवून 'म्हण, कमळ' असं काहीतरी असेल. पहिले तीन शनिवार बाईंनी बाबलोला एकदाही 'म्हण' म्हटलं नाही.

त्या त्याच्या मागे बसायच्या, ओठ दिसू नयेत म्हणून. आणि सहा आवाज काढायच्या: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने निवडलेले हे सहा. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा यांत येतो. आवाज ऐकू आला की बाबलोने एक ठोकळा डब्यात टाकायचा. बस्स. सहाही ऐकू आले तर यंत्र नीट आहे. 'स' गेला तर काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे नवीन बिल्ड आलं की आधी स्मोक टेस्ट करतात, तंतोतंत तेच! रोज सकाळी, घरी, दोन मिनिटांत. वहिनी हे आठवड्यात शिकली.

दुसरी गोष्ट म्हणजे 'ऐकण्याचं वय'. बाई म्हणाल्या, याचं वय अडीच धरू नका. यंत्र लावलं तो दिवस शून्य. तान्ह्या बाळाला वर्षभर ऐकवल्यावर पहिला शब्द येतो, मग यालाही वर्षभर द्या. वहिनीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जरा सैलपणा दिसला.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात अवघड: थांबणं. पाणी हवं असेल तर ग्लास पुढे धरायचा, पण लगेच द्यायचा नाही. त्याच्याकडे बघायचं, पाच-सहा सेकंद गप्प राहायचं. मूल काहीतरी करतं. बघतं, हात करतं, आवाज काढतं. जे करेल ते 'बोलणं' म्हणून स्वीकारायचं आणि त्यात एक पायरी वाढवून परत द्यायचं. त्याने 'पा' म्हटलं की आपण 'पाणी'. त्याने 'पाणी' म्हटलं की आपण 'थंड पाणी'. घड्याळ लावून पाच सेकंद गप्प बसून बघा. मला पहिल्या आठवड्यात एकदाही जमलं नाही.

आणि हे फक्त कानांच्या मुलांसाठी नाही. त्या खोलीबाहेरच्या बाकावर तऱ्हेतऱ्हेची मुलं बसलेली असायची. 'र' ला 'ल' म्हणणारं, फाटलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया होऊन आलेलं, अडखळत बोलणारं. आत्ममग्न असलेलं एक मूल तर चित्रांची कार्डं हातात देऊन 'मला हे हवंय' सांगत होतं. त्याच्या तोंडातून शब्द नव्हता, पण संवाद चालू होता. उच्चार वेगळा, भाषा वेगळी आणि संवाद वेगळा, हे मला त्या बाकावर कळलं. थेरपिस्ट आधी संवाद पकडतात, उच्चार सगळ्यात शेवटी.

चौथ्या शनिवारी बाईंनी वहिनीला विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?" वहिनी म्हणाली, "आधी मालवणी. आता शुद्ध मराठी बोलतो, आणि थोडं इंग्लिश पण. फिश, वॉटर..." बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला ज्या भाषेत भांडता येतं आणि लाड करता येतात तीच बोला. मुलाला शुद्ध भाषा नको, भरपूर भाषा हवी." त्या संध्याकाळी माझ्या वाकडच्या फ्लॅटमध्ये तीन आठवड्यांनी मालवणी सुरू झाली. "रे बाबल्या, हय ये, काय करतंस थय?" घरात आवाजच वाढला एकदम. :-)

मग वहिनीने तो प्रश्न विचारला. मामाबद्दलचा. खुणा थांबवायच्या का?

बाईंनी उलट विचारलं, "कुठल्या खुणा करतात आजोबा?" मी आणि वहिनी दाखवायला लागलो आणि थांबेनाच. बांगड्याची वेगळी, तारलीची वेगळी, सुरमईची वेगळी. आजीची खूण म्हणजे नाकाला बोट, नथ. वारा फिरला, जाळं अडकलं, घाई करा, जेवायला चला. आणि मग मला जे लहानपणापासून दिसत होतं ते पहिल्यांदा 'कळलं'. रापण ओढताना होडी दूर पाण्यात असते, किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं, मध्ये लाटांचा आवाज. तिथे कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. म्हणून रापणीवरचे सगळे मामाच्याच खुणा वापरतात! समुद्रासमोर सगळा गाव बहिरा, आणि त्या भाषेत सगळ्यात हुशार आमचा मामा. वाटे पडतात तेव्हा त्याचाही पूर्ण वाटा असतो. ज्याला आम्ही मुको म्हणत होतो त्याने पंचवीस-तीस माणसांना एक भाषा दिली होती.

बाई म्हणाल्या, "थांबवू नका. खुणेने मूल आळशी होत नाही. त्याला कळतं की आपण काही सांगितलं तर समोरचा ऐकतो. फक्त आजोबा खूण करतील तेव्हा तुम्ही शेजारी बसून तो शब्द बोला."

मिलानला १८८० मध्ये जे कळलं नाही ते पुण्यात एका शनिवारी दोन वाक्यांत सांगून झालं.

आता बाबलो तोंडवलीला परतलाय. थेरपी व्हिडिओवर होते, रेंज आली तर. नाहीतर वहिनी फोन घेऊन वाळूत उंचवट्यावर जाऊन बसते. त्याचं ऐकण्याचं वय चौदा महिने, शब्द चाळीसेक. 'स' अजून निसटतो. तो सगळ्यांसारखा बोलेल का, केव्हा बोलेल, याची हमी बाईंनी कधी दिली नाही आणि आम्ही मागितली नाही. गेलेले तीस महिने परत येणार नाहीत, हे वहिनीलाही माहीत आहे. तुमच्या ओळखीत कोणाचं मूल दीड-दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, तर 'वाट बघा' म्हणू नका. कान तपासून घ्या म्हणा. एवढ्यासाठी तरी हा लेख.

मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हाची एक गोष्ट सांगून थांबतो. समुद्राच्या दमट खाऱ्या हवेत कानातली यंत्रं लवकर खराब होतात. म्हणून रात्री ती काढून, पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावी लागतात. घरात हे काम कोणी कोणाला सांगितलं नाही. मुकोमामाने स्वतःच ते आपल्याकडे घेतलंय. रात्री जेवणं झाली की तो बाबलोला मांडीवर घेतो, दोन्ही यंत्रं हळूच काढतो, धोतराच्या सोग्याने नाही तर मुद्दाम ठेवलेल्या सुती कापडाने पुसतो, डबा बंद करतो आणि झाकण दोनदा दाबून बघतो. त्यानंतर सकाळपर्यंत त्या दोघांनाही सारखंच ऐकू येतं.

मग ते हातांनी बोलत बसतात. बराच वेळ.